दीड लाखाचा फोन आणि बारा तासांचा दिवस

१९ सप्टेंबर २०२५ रोजी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातील ॲपलच्या दुकानासमोर नव्या आयफोनसाठी रांगा लागल्या. काही जण आदल्या रात्रीपासून उभे होते. पहाटे रांगेत धक्काबुक्की झाली, सुरक्षा रक्षकांना मध्ये पडावे लागले, आणि ती दृश्ये दिवसभर वाहिन्यांवर फिरत राहिली. त्या मालिकेतल्या वरच्या फोनची भारतातली किंमत तेव्हा १,३४,९०० रुपयांपासून सुरू होत होती आणि त्याहून मोठा फोन १,४९,९०० रुपयांना होता. रांगेतल्या तरुणांना पत्रकारांनी रंग कोणता घेणार हे विचारले, कॅमेरा कसा आहे हे विचारले. हा फोन कुणी जोडला आणि त्याच्या हातात किती पैसे पडले, हा प्रश्न विचारायला मात्र कुणालाच सुचले नाही.

बरोबर सोळा दिवस आधी, ३ सप्टेंबर २०२५ रोजी, याच मुंबईत राज्य मंत्रिमंडळाची बैठक झाली होती. कारखान्यातील कामाची दैनंदिन मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्याच्या प्रस्तावाला तिने मंजुरी दिली. तीन महिन्यांतील जादा कामाची मर्यादा ११५ तासांवरून १४४ तासांवर नेण्याचेही ठरले. ही बातमी आतल्या पानांवर आली आणि विरून गेली. या दोन बातम्या एकमेकींच्या शेजारी ठेवून वाचाव्यात, एवढ्यासाठीच हा लेख.

महाग वस्तू घेताना ती बनवणाऱ्या परदेशातल्या मजुराचा विचार करावा की नाही, हा वाद मुळात अमेरिका-युरोपातला. २०१० मध्ये चीनच्या शेन्झेन शहरात फॉक्सकॉन कंपनीच्या कारखान्यात एकाच वर्षात डझनभराहून अधिक तरुण कामगारांनी इमारतीवरून उड्या मारून जीव दिला. कंपनीने पगार वाढवले, पण त्याबरोबर वसतिगृहांच्या इमारतींना जाळ्याही बांधल्या. माणूस उडी का मारतो यापेक्षा तो जमिनीवर पोचू नये याची व्यवस्था आधी झाली. तेव्हापासून तिकडचा सुशिक्षित ग्राहक अधूनमधून अस्वस्थ होतो. फोन घ्यावा की नाही, यावर लेख लिहितो आणि बहुतेक वेळा शेवटी फोन घेतो.

आम्ही तो वाद वाचत होतो तेव्हा वाटायचे, हे त्यांचे आणि चीनचे आहे. आता तसे म्हणता येत नाही. जूनच्या तिमाहीत अमेरिकेत विकले जाणारे बहुसंख्य आयफोन भारतात बनलेले असतील, असे खुद्द ॲपलचे प्रमुख टिम कुक यांनी मे २०२५ मध्ये सांगितले. म्हणजे अमेरिकन ग्राहकाच्या दृष्टीने जो ‘परदेशातला मजूर’, तो आता आपण आहोत. तामिळनाडूतील श्रीपेरंबुदूर आणि होसूर, कर्नाटकातील कोलार या पट्ट्यात खेड्यापाड्यांतल्या मुली हे फोन जोडतात. होसूरच्या कारखान्यासाठी झारखंडमधील रांची-हजारीबाग भागातल्या सहा हजार आदिवासी मुलींना प्रशिक्षण दिले जात आहे, असे केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी २०२२ मध्ये मोठ्या अभिमानाने सांगितले होते. रोजगार मिळाला याचा आनंद आम्हालाही आहे. घरापासून दोन हजार किलोमीटरवर, भाषा न कळणाऱ्या गावात, ठेकेदाराच्या वसतिगृहात राहणारी मुलगी आपली तक्रार कुणाकडे नेणार, हा प्रश्नही तेवढाच आमचा आहे.

तक्रार कुठे जाते हे दोन ठिकाणी दिसले. १२ डिसेंबर २०२० रोजी कोलार जिल्ह्यातील नरसापुरा येथील विस्ट्रॉन कंपनीच्या कारखान्यात, पगार थकला आणि कापला म्हणून कामगारांनी तोडफोड केली. त्यात कंत्राटी कामगार मोठ्या संख्येने होते. शंभराहून अधिक जणांना अटक झाली. नंतर चौकशीत कंपनीनेच पगार वेळेवर आणि नीट दिले नसल्याचे कबूल केले, एका वरिष्ठ अधिकाऱ्याला पदावरून काढले आणि कामगारांची माफी मागितली. फरक एवढाच की कामगार तुरुंगात गेले आणि कंपनीचे काम काही काळ ‘देखरेखीखाली’ गेले. पगार न देणे हा आपल्याकडे हिशेबातला घोळ समजला जातो आणि काच फोडणे हा गुन्हा. कोर्टात रोज उभे राहणाऱ्याला हे नवीन नाही.

दुसरी घटना डिसेंबर २०२१ मधली. श्रीपेरंबुदूरच्या फॉक्सकॉन कारखान्यातील मुलींना वसतिगृहातल्या जेवणातून विषबाधा झाली. दीडशेहून अधिक मुली रुग्णालयात दाखल झाल्या. काय झाले, कोण दगावले, कुणीच सांगेना, तेव्हा हजारोंच्या संख्येने मुली चेन्नई-बेंगळुरू महामार्गावर येऊन बसल्या. जमिनीवर झोपणे, एका खोलीत दाटीवाटीने राहणे, पाणी नसलेली स्वच्छतागृहे हे सगळे त्या रस्त्यावर बसल्या म्हणून जगाला कळले. त्याआधी त्याच कारखान्याचे किती तरी तपासणी अहवाल निघाले असतील. कारखाना काही आठवडे बंद राहिला, ॲपलने त्याला ‘परिवीक्षेवर’ ठेवले. एका रात्री रस्त्यावर बसलेल्या अठरा-वीस वर्षांच्या मुलींनी जे केले, ते ग्राहकांच्या दहा वर्षांच्या अस्वस्थतेने झाले नव्हते.

जून २०२४ मध्ये आणखी एक गोष्ट उघडकीस आली. याच कारखान्यात आयफोन जोडणीच्या कामावर विवाहित स्त्रियांना घेतले जात नाही, असे रॉयटर्स या वृत्तसंस्थेने भरतीच्या दलालांच्या हवाल्याने प्रसिद्ध केले. कारणे काय, तर घरची जबाबदारी, गरोदरपण, आणि मंगळसूत्र-जोडवी यांचा यंत्राला होणारा अडथळा. कंपनीने सरकारला कळवले की नव्या भरतीत सुमारे २५ टक्के स्त्रिया विवाहित आहेत. ते खरे मानू. तरी कायद्याचा मुद्दा उरतोच. १९७६ च्या समान वेतन कायद्याच्या कलम ५ ने भरतीत स्त्रियांबाबत भेदभाव करायला मनाई केली होती, आणि आता वेतन संहितेतही लिंगावरून भेद करता येत नाही. कंपनीचे वकील म्हणतील, आम्ही बाई म्हणून नाकारत नाही, विवाहित म्हणून नाकारतो. मग विवाहित पुरुषाला हा प्रश्न का विचारत नाहीत? त्याला घर नसते काय? ज्या समाजाने बाईच्या गळ्यात लग्नाची खूण बांधली, तोच समाज त्या खुणेवरून तिला कारखान्याच्या दारात अडवतो. आमच्या मते हा भेद उघड उघड लिंगावरचाच आहे.

आपल्या जिल्ह्याला हे प्रकरण ओळखीचे वाटायला हवे. कोल्हापूरच्या साखर कारखान्यांचा हंगाम बीडकडच्या ऊसतोड मजुरांवर चालतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि खाडा केला की दंड. पाळीच्या त्रासात कामाचे दिवस बुडू नयेत म्हणून बीडमधल्या मजूर स्त्रियांच्या गर्भपिशव्या काढल्या गेल्या. ते प्रकरण २०१९ मध्ये विधिमंडळात गाजले आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. उसाचा फड असो की फोनचा कारखाना, मालकाला बाईचे हात हवे असतात, तिचे बाळंतपण नको असते.

साखर कारखान्याला विचारा, हे मजूर कुणाचे? ते सांगतात, मुकादमाचे. उचल मुकादमाने दिली, टोळी मुकादमाने आणली, आमचा संबंध फक्त उसाशी. ॲपल आणि फॉक्सकॉन यांचे नाते याहून फार वेगळे नाही. फॉक्सकॉन हा मोठा मुकादम आणि त्याच्या हाताखाली भरतीचे, वसतिगृहाचे, जेवणाचे आणखी छोटे मुकादम. आपल्या कंत्राटी कामगार कायद्यात १९७० पासून एक चांगले तत्त्व आहे. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर मूळ मालकाने ती दिली पाहिजे. नव्या संहितेतही ते टिकले आहे. पण हे तत्त्व कारखान्याच्या फाटकापर्यंतच चालते. ज्याच्या नावाने फोन विकला जातो तो कायद्याच्या दृष्टीने तयार माल विकत घेणारा गिऱ्हाईक ठरतो. तो मूळ मालक नाही, म्हणून त्याच्यावर दावा नाही.

अमेरिकेतही हेच झाले. फोनच्या बॅटरीत कोबाल्ट लागते, ते बहुतांश काँगो देशातून येते, आणि तिथल्या खाणींत लहान मुले राबतात. बोगदे कोसळून मेलेल्या आणि अपंग झालेल्या मुलांच्या वतीने २०१९ मध्ये ॲपल, गुगल, डेल, मायक्रोसॉफ्ट आणि टेस्ला या कंपन्यांवर वॉशिंग्टनमध्ये दावा दाखल झाला. मार्च २०२४ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने तो फेटाळलेलाच कायम ठेवला. साखळीतून कोबाल्ट विकत घेणे म्हणजे खाणीतल्या धंद्यात सहभागी असणे नव्हे, असा त्या निकालाचा आशय. खरेदीदार सुटला. जिथे कंपनीच जबाबदार ठरत नाही, तिथे दुकानात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाच्या सद्‌सद्विवेकावर सगळे ओझे टाकणे ही फसवणूक आहे.

आता पैशांचे बोलू. कामगाराला जास्त दिले तर वस्तू परवडणार नाही, असे नेहमी सांगितले जाते. अमेरिकेतील संशोधकांनी २०११ मध्ये त्या काळच्या आयफोनच्या किमतीची फोड केली होती. किमतीतला ५८.५ टक्के वाटा ॲपलच्या नफ्याचा निघाला. चीनमधल्या मजुरांच्या सगळ्या कष्टाचा वाटा होता १.८ टक्के. म्हणजे शंभर रुपयांत दोन रुपयेसुद्धा नाहीत. आज आकडे थोडे इकडेतिकडे झाले असतील, पण तेच प्रमाण धरले तर १,३४,९०० रुपयांच्या फोनमागे मजुरी अडीच हजारांच्या आत येते. ती दुप्पट केली तरी फोन आणखी अडीच हजारांनीच महागेल. फोनला पाकीट आणि काचेवरचे कव्हर घेताना गिऱ्हाईक एवढे खर्च करतो आणि त्याला काही वाटत नाही. तेव्हा परवडत नाही हे कारण खोटे आहे. कामगार गप्प आहे म्हणून त्याला दिले जात नाही.

चळवळीतले काही मित्र म्हणतात, मग असले फोन घेऊच नका, साधेपणाने राहा. आम्हाला हे पटत नाही. यंत्राने माणूस बिघडतो आणि साधेपणाने सुधारतो हा विचार गांधीजींचा, बाबासाहेबांचा नव्हे. १९४५ च्या आपल्या ग्रंथात गांधीवादाचा समाचार घेताना बाबासाहेबांनी स्पष्ट मांडले की दोष यंत्राचा नाही, यंत्राचा लाभ मूठभरांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेचा आहे. यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते आणि फुरसतीशिवाय संस्कृती नाही, अशी त्यांची भूमिका होती. आमच्या वस्तीतल्या पोराच्या हातातला फोन हा शिष्यवृत्तीचा अर्ज आहे, परीक्षेचा अभ्यास आहे, आणि गावात अत्याचार झाला तर पुरावाही आहे. ॲट्रॉसिटीच्या खटल्यात साक्षीदार फितूर होतात, चित्रफीत होत नाही. शिवाय स्वस्त फोन काही अधिक स्वच्छ हातांनी बनत नाही. त्याच्या कारखान्यात काय चालते हे बघायला रॉयटर्सही जात नाही. हप्त्यावर दीड लाखाचा फोन घेऊन पुढची दोन वर्षे घरखर्चाला कात्री लावणाऱ्यांबद्दल आमचे मत फारसे चांगले नाही, पण तो हिशेब ज्याचा त्याने घरी करावा. त्याने श्रीपेरंबुदूरच्या मुलीचे न भले होते, न वाईट.

किमतीचा वाटा कुणाला हा प्रश्न कोल्हापूरने नुकताच जवळून पाहिला. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात कोल्हापुरी चपलेसारखी चप्पल नाव न घेता दाखवली. संताप उसळला, तो योग्यच होता. उच्च न्यायालयातली जनहित याचिका जुलैमध्ये फेटाळली गेली, कारण भौगोलिक मानांकनाचे नोंदणीकृत मालक याचिकेत नव्हते. २०१९ पासून ते मालक महाराष्ट्र आणि कर्नाटकची चर्मोद्योग महामंडळे आहेत. डिसेंबर २०२५ मध्ये प्राडाने या महामंडळांशी करार केला. २,००० जोड, किंमत सुमारे ८०० युरो. कोल्हापूरचे नाव झाले म्हणून सत्कार झाले. सुभाषनगरात कातडे कमावलेले, शिवलेले आणि ठोकलेले हात कुणाचे आहेत हे सर्वांना माहीत आहे. त्या ८०० युरोंतले किती त्या हातांपर्यंत येणार, हे आधी विचारायला हवे होते, कारण नाव दिले म्हणजे मजुरी दिली असे होत नाही.

महाराष्ट्रातल्या राजकीय पक्षांनी तर एवढेही केलेले नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये फॉक्सकॉनने राज्य सरकारबरोबर पाच अब्ज डॉलर गुंतवणुकीचा सामंजस्य करार केला. कारखाना आला नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये वेदांता-फॉक्सकॉनचा तळेगावसाठी ठरत आलेला प्रकल्प गुजरातेत गेला आणि महाराष्ट्राच्या अस्मितेचा डोंगर कोसळला. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्या भागीदारीतूनच बाहेर पडली. एवढ्या गदारोळात कामगार कायम असतील की ठेक्यावर, तास किती, संघटना करता येईल का, हे एकाही पक्षाने विचारले नाही. भांडण फक्त प्रकल्प कुणाच्या दारात यावा याचे होते. आणि आता प्रकल्प यावेत म्हणून १२ तासांचा दिवस. कर्नाटकाने फेब्रुवारी २०२३ मध्ये तसा कायदा केला. तामिळनाडूने त्याच वर्षी एप्रिलमध्ये विधेयक मंजूर केले, पण कामगार संघटना आणि मित्रपक्ष उठले तेव्हा १ मे रोजी मुख्यमंत्री स्टॅलिन यांना ते मागे घ्यावे लागले. महाराष्ट्रात कोण उठले?

वाचकांना आठवण द्यायला नको, पण सत्ताधाऱ्यांना द्यावी लागेल. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते बाबासाहेबांकडे होते. १९४६ च्या कारखाना कायद्यातील दुरुस्तीने आठवड्याचे काम ५४ तासांवरून ४८ तासांवर आले. ती दुरुस्ती त्यांच्या खात्याची. ‘लेखी संमती असेल तरच जादा काम’ असे सरकार आज सांगते. ज्याची नोकरी ठेकेदाराच्या एका फोनवर जाते, त्याच्या संमतीला काय अर्थ? आणि संमती मागायचीच गरज नाही असाही एक वर्ग कारखान्यांत वाढतो आहे, शिकाऊ उमेदवारांचा. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याचे कलम १८ म्हणते की शिकाऊ हा कामगार नव्हे आणि कामगार कायदे त्याला लागू नाहीत. आयटीआय झालेली आपली मुले चाकण-रांजणगावला विद्यावेतनावर जातात, पूर्ण पाळी करतात आणि मुदत संपली की परत येतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. कंत्राटी कामगारांच्या तरतुदी आता २० ऐवजी ५० कामगार असतील तरच लागतात, आणि संपाला १४ दिवसांची नोटीस सर्वच उद्योगांत सक्तीची झाली. १९३८ मध्ये मुंबई सरकारने संपावर बंधने घालणारे औद्योगिक कलह विधेयक आणले, तेव्हा बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने कम्युनिस्टांच्या बरोबरीने ७ नोव्हेंबरचा संप केला होता. संपाला गुन्हा ठरवणे म्हणजे गुलामी, हा त्यांचा युक्तिवाद होता.

कम्युनिस्टांशी आपले जुने भांडण आहे आणि ते विसरावे असे आमचे म्हणणे नाही. गिरण्यांच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता आणि लाल बावट्याला त्यात फार काही वाटत नव्हते. तरीही श्रीपेरंबुदूरला सॅमसंगच्या कारखान्यात जे घडले त्याकडे डोळेझाक करता येणार नाही. ९ सप्टेंबर २०२४ पासून ३७ दिवस तिथल्या कामगारांनी संप केला. मुख्य मागणी पगाराची नव्हती, युनियनला मान्यता द्या ही होती. युनियनच्या नावात ‘सॅमसंग’ शब्द नको, असा कंपनीचा आक्षेप होता. ज्याच्या घामावर ते नाव उभे आहे त्याला ते नाव वापरता येत नाही! प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याच नावाने युनियन नोंदली गेली.

कागलच्या पंचतारांकित वसाहतीत, शिरोलीत, गोकुळ शिरगावात उद्योग येतील तेव्हा कामगार आपल्याच वस्त्यांतले असणार. त्यासाठी आज तीन गोष्टी मागता येतात. उद्योग विभागाकडे सामंजस्य करारांतील रोजगाराच्या अटींच्या प्रती. कामगार आयुक्तालयाकडे परवानाधारक ठेकेदारांची यादी आणि प्रत्येकाकडील कामगारांची संख्या. आणि प्रत्येक कारखान्यात शिकाऊ उमेदवार किती व त्यांतले कायम किती झाले याची माहिती. माहिती अधिकाराच्या अर्जाला १० रुपये लागतात आणि उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला फी नाही. शाखांनी आपापल्या तालुक्यात हे अर्ज वेगवेगळे टाकावेत, म्हणजे एकाच उत्तरावर बोळवण होणार नाही.